अटी कोणाच्या? : पूर्व इंडोनेशियातील खेडी आणि त्यांचे भवितव्य

इंडोनेशियाच्या सरकारने 2020 मध्ये एका अध्यक्षीय आदेशाद्वारे देशातले 62 जिल्हे 'मागे राहिलेले' म्हणून जाहीर केले. त्यांतले बहुतेक पापुआ आणि पूर्व नुसा तेंगारा या दोन भागांत आहेत. या वर्गवारीमागे एक ठरीव कारणमीमांसा आहे आणि तिच्यातूनच निघालेला एक ठरीव उपायही आहे. गावे दूर आहेत म्हणून गरीब आहेत, हे कारण. रस्ता करा, धक्का बांधा, मोबाइलचा मनोरा उभारा, गाव जगाशी जोडा, की पुढचे आपोआप होईल, हा उपाय. पूर्व नुसा तेंगारातली खेडी हा या पुस्तकाचा विषय आहे आणि वरची समजूत अपुरी आहे, हे त्याचे प्रतिपादन आहे. ही गावे जगापासून तुटलेली कधीच नव्हती. शेकडो वर्षे त्यांचा जगाशी व्यवहार चालू आहे. फक्त त्या व्यवहाराच्या अटी दरवेळी दुसऱ्या कोणीतरी ठरवल्या. त्यामुळे त्यांच्या भवितव्याचा विचार करताना अंतर किती किलोमीटर उरले हे मोजून भागणार नाही. पिकाचा भाव, जमिनीचा ताबा, सरकारी पैशाचा विनियोग आणि परदेशी जाणाऱ्या मजुराचा करार, या चार गोष्टींत गावाचा शब्द किती चालतो, हे पाहावे लागेल.

आधी भूमीची ओळख करून घेऊ. फ्लोरेस, सुम्बा, तिमोरचा पश्चिम भाग, अलोर, लेम्बाता, अदोनारा, रोते अशा बेटांचा हा प्रांत 1958 मध्ये अस्तित्वात आला. कुपांग ही त्याची राजधानी. जावा-बालीची पाण्याने भरलेली भातखाचरे मनात ठेवून इकडे पाहिले तर फसगत होते. ऑस्ट्रेलियाकडून येणारे कोरडे वारे वर्षातले सात-आठ महिने इथे वाहतात आणि पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च एवढाच. फ्लोरेसमधल्या मांगाराईच्या डोंगरात कॉफी आणि भात होतो, पण बहुतेक गावांची भिस्त उतारावरच्या कोरडवाहू मक्यावर, कसाव्यावर आणि नगदी झाडांवर असते. नारळ, काजू, कोको, लवंग आणि केमिरी ही ती झाडे. केमिरी म्हणजे रान-अक्रोडासारखे कठीण कवचाचे तेलकट फळ. इंडोनेशियाच्या स्वयंपाकात त्याचे वाटण लागते. झाडाखाली पडलेली फळे वेचायची, वाळवायची आणि संध्याकाळी अंगणात बसून फोडायची, हे काम बहुधा बायका-मुलांचे. वेताच्या काठीच्या टोकाला केलेल्या फाशात एकेक फळ अडकवून ते दगडावर आपटतात. घाव नेमका बसला तर गर अखंड निघतो. जरा जोर जास्त झाला तर तुकडे होतात आणि तुकड्यांचा भाव पडतो. या कौशल्याची किंमत मात्र गावात ठरत नाही. ती ठरते व्यापाऱ्याच्या ट्रकपाशी, आणि त्याला किनाऱ्यावरच्या गोदामातून आदल्या दिवशी कळलेल्या दरावर.

पेरणी झालेली, घरातला साठा संपलेला आणि शेतातला मका अजून कोवळा, असे वर्षातले दोन-तीन महिने या प्रांतात भुकेचे म्हणूनच ओळखले जातात. त्या महिन्यांत तांदूळ, मीठ, शाळेचा खर्च यांसाठी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते आणि तारण असते झाडावरचे पीक. इंडोनेशियात या पद्धतीला 'इजोन' म्हणतात. पीक हाती येण्याआधीच ते पडत्या भावात विकले गेलेले असते. अशा गावापर्यंत रस्ता पोचला की काय होते? व्यापाऱ्याचा वाहतूक खर्च कमी होतो, हे नक्की. तो फायदा शेतकऱ्याच्या पदरात पडेलच असे नाही. उचलीने बांधलेल्या माणसाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याची मुभाच नसते. जिथे तीन-चार व्यापारी एकमेकांशी स्पर्धा करतात, किंवा गावाची स्वतःची पतसंस्था हंगामापूर्वी कर्ज देऊ शकते, तिथे तोच रस्ता गावाच्या उपयोगी पडतो. रस्ता एकच, पण निष्पत्ती अगदी वेगळी.

या गावांचे जगाशी नाते नवे आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. तिमोर आणि सुम्बातल्या चंदनासाठी चिनी, मलय आणि पुढे पोर्तुगीज जहाजे या समुद्रात येत होती. 1566 मध्ये पोर्तुगीज डॉमिनिकन पाद्र्यांनी सोलोर बेटावर किल्ला बांधला. पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेचे केंद्र गोवा असल्यामुळे सोलोर-तिमोरचा कारभार दीर्घकाळ मांडवीकाठच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत चालला. फ्लोरेसच्या पूर्व टोकाला असलेल्या लारांतुकात आजही पवित्र आठवड्याची मिरवणूक निघते, ती त्याच काळाची देणगी. लामाहोलोत समाजात वधूमूल्य म्हणून हस्तिदंत देण्याची चाल आहे आणि या बेटांवर हत्ती नाहीत. ते सुळे परदेशी व्यापारातून आले आणि पिढ्यान्‌पिढ्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिले. गुजरातेतली पाटणची पटोळी इथे कुळाचा ठेवा म्हणून जपली गेली, आणि त्यांची नक्षी स्थानिक विणकर स्त्रियांनी आपल्या मागावर उतरवली. 1859 मध्ये लिस्बनच्या तहान्वये पोर्तुगालने फ्लोरेस आणि सोलोरवरचे हक्क डचांना पैशाच्या बदल्यात देऊन टाकले, तेव्हा तिथल्या माणसांना कोणी विचारले नाही. चंदन गेले, राज्यकर्ते बदलले, धर्म आला, कापड आले. एवढ्या देवाणघेवाणीत गाव सतत सामील होते. अटी मात्र गोवा, लिस्बन, बटाव्हिया आणि पुढे जकार्ता इथे लिहिल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले का, याचे उत्तर ताटात शोधावे. मका, कंदमुळे, ज्वारी, राळे हे इथले पूर्वापार अन्न. कोरड्या, खडकाळ जमिनीत तग धरणारी ही पिके. अध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने तांदळाच्या स्वयंपूर्णतेचा ध्यास घेतला, 1984 मध्ये ती मिळवली आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्याबद्दल सुहार्तोंचा सन्मान केला. देशाच्या दृष्टीने हे यश खरेच होते. पण त्याच धोरणात सरकारी नोकरांना तांदूळ, गरिबांना स्वस्त तांदूळ, संशोधन तांदळावर आणि प्रतिष्ठाही तांदळालाच, असे घडत गेले. ज्या गावात भात नीट पिकत नाही, तिथे भात हे प्रतिष्ठित घरचे अन्न ठरले आणि ज्वारी गरिबीची खूण. स्वतःच्या शेतात पिकू शकणारे अन्न सोडून बाहेरून येणाऱ्या अन्नावर गाव अवलंबून राहिले, आणि ते विकत घ्यायला रोकड हवी म्हणून नगदी पिकांकडे वळले. 2022 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण देशात 21.6 टक्के होते आणि पूर्व नुसा तेंगारात 35.3 टक्के, म्हणजे सर्व प्रांतांत सर्वाधिक. खुरटेपणाला तांदूळ हे एकमेव कारण नाही. अस्वच्छ पाणी, मातांची अशक्तता, प्रथिनांचा तुटवडा ही कारणे आहेतच. तरीही अन्नाचा निर्णय गावाबाहेर गेला की काय होते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे. फ्लोरेसच्या पूर्वेकडील लिकोतुदेन या खडकाळ वस्तीत शेतकऱ्यांनी 2010 नंतरच्या दशकात ज्वारी पुन्हा लावली. ती परंपरेच्या ओढीने लावली असे कोणी म्हणेल. खरे तर त्या जमिनीत काय टिकते याचा तो रोकडा हिशेब होता.

माल आणि अन्नानंतर माणसे. लेम्बाता, अदोनारा आणि पूर्व फ्लोरेसमधले पुरुष गेल्या शतकाच्या मध्यापासून मलेशियाच्या साबा राज्यात जात आले आहेत. आधी लाकूडतोडीला, पुढे पाम तेलाच्या मळ्यांत. जहाजाने नुनुकानला उतरायचे आणि तिथून होडीने सीमा ओलांडायची, ही त्यांची रुळलेली वाट. तिकडून आलेल्या पैशातून सिमेंटची घरे उभी राहिली, मुले शिकली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 2002 मध्ये मलेशियाने परवान्याविना राहणाऱ्यांवर फटक्यांची शिक्षा लागू केली आणि काही आठवड्यांत हजारो कुटुंबे नुनुकानच्या छोट्या बंदरात येऊन अडकली. आजाराने आणि हालअपेष्टांनी त्यांतले अनेक जण तिथेच दगावले. स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा नवा कायदा 2017 मध्ये झाला. तरीही अलीकडच्या वर्षांत दरवर्षी शंभराच्या आसपास मजुरांचे मृतदेह परदेशांतून या प्रांतात परत येतात, आणि त्यांतले बहुतेक कागदपत्रांशिवाय गेलेले असतात. मजुराला परदेश नवा नाही, जहाजही नवे नाही. करार, विमा आणि दाद मागण्याची जागा या तीन गोष्टी त्याच्यापाशी नसतात. त्या देण्याची पहिली पायरी गावातच आहे: कोण गेले, कोणत्या दलालामार्फत गेले, कोणाकडे गेले याची गावच्या दप्तरात नोंद.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. अटी बाहेरचे लादतात असे म्हणता, पण अनेकदा गावकरी स्वखुशीने बाजाराकडे धावतात, त्याचे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही, आणि त्याचा सर्वांत चांगला अभ्यास याच देशात झाला आहे. मानववंशशास्त्रज्ञ तानिया ली यांनी मध्य सुलावेसीच्या डोंगरातल्या लाउजे समाजाचा दोन दशके मागोवा घेतला आणि 2014 मध्ये 'लँड्स एंड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1990 च्या सुमारास या लोकांनी आपणहून कोकोची लागवड सुरू केली. कोणत्या कंपनीने जमीन हिसकावली नाही, कोणत्या अधिकाऱ्याने सक्ती केली नाही. तोपर्यंत जमीन पूर्वजांनी जंगल तोडून मोकळी केलेली, सगळ्या भाऊबंदांना कसता येणारी अशी होती. कोको बहुवर्षायू झाड. ज्याने लावले त्याची ती जमीन कायमची झाली. काही वर्षांतच काहींकडे मोठे बागायत क्षेत्र आणि शेजारच्याकडे काहीच नाही, अशी स्थिती आली. जमीन गेलेल्यांना जायला कारखाने नव्हते, शहरात नोकऱ्या नव्हत्या. या उदाहरणावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, गाव हे समतेचे आणि सलोख्याचे घर आहे अशी भाबडी कल्पना टाकून द्यावी. दुसरी, एकेका कुटुंबाने केलेली निवड आणि गावाने मिळून केलेली निवड यांत फरक आहे. लाउजे शेतकऱ्यांपुढे झाड लावायचे की नाही, एवढाच प्रश्न आला. सामायिक जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही बैठकीपुढे आलाच नाही, कारण तो आणणारी व्यवस्थाच नव्हती. म्हणून 'गावाचा शब्द' म्हणजे प्रत्येकाचा सुटा शब्द असा अर्थ मी करत नाही. एकत्र बसून ठरवण्याची आणि ठरवलेले पाळण्याची क्षमता असा करतो.

याचा अर्थ सरकारने गावांच्या वाटेला जाऊ नये असा कोणी काढील, तर तो विपर्यास ठरेल. इंडोनेशियाच्या सरकारने खेड्यांसाठी केलेली काही कामे जगाने अभ्यासावीत अशी आहेत. तेलाचे पैसे हाती आल्यावर 1973-74 ते 1978-79 या काळात देशभर 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, ज्या भागांत शाळा जास्त झाल्या, तिथली मुले अधिक वर्षे शिकली आणि मोठेपणी त्यांची मिळकतही वाढली. 1989 पासून गावोगाव सुईणी नेमल्या गेल्या आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या 50 हजारांवर गेली. महिन्यातून एकदा भरणारे 'पोस्यांदु' म्हणजे गावच्या स्वयंसेविकांनी चालवलेले बाल-आरोग्य केंद्र. आढ्याला टांगलेल्या काट्याला कापडी झोळी, झोळीत रडणारे मूल, बाजूला वजनाची नोंद करण्याचा तक्ता आणि परत जाताना वाटीभर मुगाची गोड खीर. शाळेची इमारत आणि सुईणीचा पगार गावाला स्वतःच्या बळावर परवडला नसता. पैसा, प्रशिक्षण आणि औषधे वरूनच आली पाहिजेत. पण पोस्यांदु चालते ते गावच्या बायकांमुळे. 2007 मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी योजनेत गावांना आरोग्य आणि शिक्षणाची ठरावीक उद्दिष्टे देऊन रोख अनुदान दिले गेले आणि खर्च कशावर करायचा हे गावानेच ठरवावे असे सांगितले गेले. तिच्या मूल्यमापनात कुपोषणातली घट सर्वांत ठळकपणे दिसली ती पूर्व नुसा तेंगारातच. साधने राज्याची आणि निर्णय गावाचा, ही जोडी जिथे जमली तिथे हाती काही लागले.

हीच जोडी कायम करण्याचा प्रयत्न म्हणून 2014 चा सहावा कायदा, म्हणजे गाव कायदा, महत्त्वाचा. सुहार्तोंच्या 1979 च्या कायद्याने देशभरातल्या नाना प्रकारच्या गावव्यवस्थांना एकाच साच्यात बसवले होते आणि गावप्रमुखाला वरच्या अधिकाऱ्यांचा हस्तक बनवले होते. नव्या कायद्याने गावाला स्वतःचा अर्थसंकल्प, गावसभा आणि केंद्राकडून थेट निधी दिला. 2015 मध्ये या निधीची, म्हणजे 'दाना देसा'ची, रक्कम सुमारे 20.67 लाख कोटी रुपिया होती. 2019 मध्ये ती 70 लाख कोटींवर गेली. देशात गावे सुमारे 75 हजार. म्हणजे 2019 मध्ये गावामागे सरासरी 93 कोटी रुपिया, आपल्या पैशात ढोबळमानाने 45 ते 50 लाख रुपये. गाव कार्यालयाच्या दारात मोठा फलक लावून जमा किती, खर्च किती हे लिहावे लागते. डोंगरातल्या वस्तीत, जिथे सरकार म्हणजे तालुक्याहून येणारा साहेब एवढीच ओळख होती, तिथे हिशेब भिंतीवर लागणे ही लहान गोष्ट नाही. पाण्याची नळयोजना, शेतरस्ते, पोस्यांदुच्या खोल्या या निधीतून झाल्या.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जकार्तातल्या वर्तमानपत्रांत रोज सापडेल: गावाला पैसा दिला की गावप्रमुख खातो. इंडोनेशिया करप्शन वॉच या संस्थेच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत गावनिधीशी संबंधित प्रकरणांची संख्या सर्व क्षेत्रांत जास्त आहे, हे खरे. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी जावातल्या 608 गावांत रस्त्यांच्या कामांवर प्रयोग केला आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. अभियंत्यांनी रस्ते खणून आतल्या खडी-वाळूचे मोजमाप घेतले आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिले. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असे जिथे आधी सांगितले होते, तिथे गहाळ होणारी रक्कम सुमारे 8 टक्के-अंकांनी घटली. गावकऱ्यांचा सहभाग वाढवण्याच्या उपायांचा सरासरी परिणाम मात्र फारच थोडा दिसला. माझ्या प्रतिपादनाला हा पुरावा सोयीचा नाही, म्हणूनच तो नीट वाचला पाहिजे. गावसभा भरवली की चोरी थांबते, असे कोणी समजू नये. बाहेरची, नि:पक्ष, ठरल्या वेळी येणारी तपासणी हवीच. पण निर्णय वर नेला तर चोरी थांबते, असे या प्रयोगात कुठेही सिद्ध होत नाही. ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी 2023 चा मोबाइल मनोऱ्यांचा खटला पाहावा. दुर्गम भागांत 4जी मनोरे उभारण्याच्या केंद्रीय प्रकल्पात राज्याचे 8 लाख कोटी रुपियांहून अधिक नुकसान झाल्याचे दाखवण्यात आले आणि तत्कालीन दळणवळण मंत्र्यांना 15 वर्षांची शिक्षा झाली. ही रक्कम सुमारे साडेआठ हजार गावांच्या वर्षभराच्या सरासरी निधीइतकी आहे. गावातली चोरी निदान गावाला दिसते. फलकावरचा आकडा आणि समोरचा रस्ता यांचा मेळ कोणालाही घालता येतो. केंद्रात झालेली चोरी गावाला कळते ती मनोरा उभा राहिला नाही तेव्हा.

खरी काळजी वाटावी अशी घडामोड वेगळीच आहे. गावाला दिलेला अधिकार हळूहळू परत घेतला जात आहे. कोविडच्या साथीच्या काळात गावनिधी रोख मदतीकडे वळवला गेला. संकटात ते समर्थनीय होते. पण 2022 साठी केंद्राने किमान 40 टक्के रोख मदत, किमान 20 टक्के अन्नसुरक्षा आणि किमान 8 टक्के साथनियंत्रण असे वाटे आधीच पाडून दिले. एकतृतीयांशाहून कमी रक्कम गावसभेपुढे उरली. 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गावप्रमुखाची मुदत सहा वर्षांवरून आठ वर्षे झाली. गावसभेच्या हाती मात्र त्याला जाब विचारण्याचे तेवढे नवे साधन आले नाही. जुलै 2025 मध्ये सुमारे 80 हजार 'लाल-पांढऱ्या' ग्राम सहकारी संस्थांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले आणि त्यांचे कर्ज थकले तर गावनिधीतून भरण्याची तरतूद केली गेली. सहकाराला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण सुहार्तोंच्या काळात अशाच सरकारी हुकमाने निघालेल्या ग्राम सहकारी संस्था सत्ता आणि अनुदान संपताच बहुतेक ठिकाणी कोमेजल्या, हे विसरता येत नाही. याउलट फ्लोरेसच्या सिक्का जिल्ह्यात रोतात नावाच्या वस्तीत मूठभर शेतकऱ्यांनी 1995 मध्ये 'पिंतू आइर' ही पतसंस्था काढली आणि आज तिचे सभासद लाखांत मोजले जातात. उचलीच्या फासातून शेतकऱ्याला सोडवण्याचे सामर्थ्य अशा संस्थेत आहे, कारण तिच्यातला पैसा त्याचा आहे आणि बुडाला तर त्याचाच बुडणार आहे. झाड लावून वाढवावे लागते; वाढलेले झाड ट्रकमधून आणून रोवता येत नाही.

तिसरा आक्षेप स्त्रियांच्या आणि खालच्या थरांतल्या लोकांच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. गावाच्या हाती अधिकार म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांच्या हाती अधिकार. सुम्बात सरदार घराणी आणि पूर्वीच्या दासांचे वंशज यांतला भेद अजून पुसलेला नाही. अंत्यविधीत म्हशी-घोड्यांचा बळी देण्यापायी घरे कर्जात जातात, वधूमूल्याच्या ओझ्याने तरुण साबाची वाट धरतात. हे सगळे खरे आहे. या देण्याघेण्यात अडीअडचणीला धावून येणारे नातेही बांधले जाते, हेही खरे; पण त्या नात्याची किंमत सर्वांत जास्त कोण चुकवते, ते विचारायलाच हवे. यावर उपाय मात्र अधिकार काढून घेणे हा नव्हे. 49 गावांतल्या दुसऱ्या एका प्रयोगात ओल्केन यांना आढळले की, प्रकल्पाची निवड प्रतिनिधींच्या बैठकीऐवजी थेट मतदानाने झाली तेव्हा लोकांचे समाधान कितीतरी वाढले, आणि स्त्रियांनी सुचवलेली कामे गावाच्या गरीब भागाकडे वळली. म्हणजे बैठक कशी भरते, तिच्यात कोणाचे मत मोजले जाते, हे बदलता येते. पुरुष परदेशी गेलेल्या अदोनारा-लेम्बातातल्या घरांत बायकाच कर्त्या आहेत. 'पेक्का' ही कुटुंबप्रमुख स्त्रियांची चळवळ 2001 पासून अशा स्त्रियांचे बचतगट बांधत आली आहे. त्यांच्यासाठी गावसभेचे दार उघडणे हे केंद्र सरकार करू शकेल असे काम आहे, आणि ते त्याने करावे.

राहिला शेवटचा प्रश्न: ही गावे टिकवायचीच कशाला? तरुणांना शहरात जाऊ द्या, शेवटी सगळ्या जगाने तेच केले. शहरात जाण्याच्या हक्काला कोणी हरकत घेऊ नये. पण जाणे आणि हाकलले जाणे यांत फरक आहे. लाउजे डोंगराळ भागाने दाखवले की, जमीन सुटली म्हणून नोकरी मिळत नाही. नुनुकानने दाखवले की, शेवटी परतायला गावच लागते. शिवाय ही बेटे रिकामी झाली तरी त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची नजर हटणार नाही. सरकारने 2017 मध्ये फ्लोरेसला 'भूऔष्णिक बेट' ठरवले. त्याखाली मांगाराईतल्या पोचो लेओक इथे विहिरी खणण्याची योजना आली तेव्हा तिथल्या ग्रामस्थांनी 2022 पासून ठाम विरोध केला, कारण घरे, शेते आणि पाण्याचे झरे त्याच डोंगरात आहेत. स्वच्छ विजेची देशाला गरज आहे, हे मान्य. पण जागा कुठली आणि मोबदला किती, हे गावाशी बोलण्यापूर्वीच ठरत असेल, तर चंदनाच्या काळापासून काय बदलले? त्याच मांगाराईत, हजार मीटरांहून उंचावर, पायीच गाठता येणारे वाए रेबो हे गाव आहे. तिथली शंकूच्या आकाराची गवती घरे गावकऱ्यांनी बाहेरच्या वास्तुरचनाकारांच्या मदतीने पुन्हा बांधली आणि 2012 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाला सर्वोच्च मान मिळाला. पाहुणे येतात, पण गावाच्या शिस्तीने: आधी वडीलधाऱ्यांसमोर स्वागतविधी, मग राहणे, आणि त्याचे पैसे गावाच्या संस्थेकडे. प्रत्येक गाव वाए रेबो होणार नाही; पर्यटन हे 75 हजार गावांचे उत्तर असूच शकत नाही. या उदाहरणाचा उपयोग एवढाच की, अत्यंत दुर्गम गावसुद्धा अट घालू शकते आणि जग ती पाळते.

पुढच्या प्रकरणांत शेती, अन्न, शाळा, स्थलांतर, जमीन आणि गावनिधी यांचा एकेक करून तपशीलवार विचार केला आहे. वाचकाला एवढीच विनंती की, प्रत्येक योजनेपाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत: ती कोणी ठरवली, तिचा हिशेब कोणाला दाखवला जातो आणि ती फसली तर भुर्दंड कोणाला पडतो. तिन्ही उत्तरांत गावाचे नाव असेल तर ती योजना टिकण्याची आशा बाळगावी. फक्त तिसऱ्याच उत्तरात गावाचे नाव असेल, तर रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी त्यावरून गावाची संपत्ती आणि माणसे बाहेरच जात राहतील. पूर्व इंडोनेशियाच्या खेड्यांना दया नको आणि गौरवही नको. त्यांना पैसा हवा, नियमित तपासणी हवी, आणि आपल्या गावाविषयीच्या निर्णयात नकार देण्याच्या हक्कासह पूर्ण वाटा हवा. तो मिळेपर्यंत त्यांना 'मागे राहिलेली' म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.